मास्तरीणबाईंची पाठ

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं मला अजूनही जड जातं. पाठीचं तसं नाही. पाठ समोर आली की काय करायचं ते मला कळतं. कुठे गाठ धरली आहे, कुठे मांस ताठून राहिलं आहे, कोणत्या कडेवर लेकरू घ्यायची सवय आहे, हे हात ठेवल्याबरोबर समजतं. यात बढाई काही नाही. चाळीस वर्षं एकच काम केलं तर कुणालाही येईल. पण एक पाठ मला दोन महिने समजली नव्हती, आणि तिच्यानंतर मी सगळ्याच पाठींना वेगळ्या तऱ्हेने हात लावायला लागले. ते या वहीत लिहून ठेवते.

माझं माहेर निंबोल्याचं. घरी केळी आणि कापूस. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते, तेवढे झाले आणि शाळा सुटली. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले. मालक नेपानगरच्या कागद कारखान्यात लागले होते. आठवडाभर तिकडेच राहायचे, रविवारी यायचे. एरवी घरात मी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई बाळंतिणींना तेल लावायचं काम करायच्या आणि आमच्या मोहल्ल्यात त्यांचा हात फिरला नाही अशी बाळंतीण सापडणं कठीण होतं. त्यांनी मला हे काम शिकवलं. तेल तिळाचं, कोमट. सुरुवात पायापासून, कमरेला जास्त वेळ, खांद्याशी शेवट. मग पांघरूण घालून झोपवायचं. तेल लावताना बाईने बोट हलवलेलंही त्यांना चालत नसे. "मेल्यागत पड," असं त्या नव्या बाळंतिणीला म्हणायच्या आणि बिचारी हसू दाबत पडून राहायची.

त्या वर्षी राज्य नवं झालं होतं. आमचे कागद आधी नागपूरहून यायचे, ते भोपाळहून येऊ लागले. पलीकडची संस्थानातली गावं आणि आमची गावं एकाच राज्यात आली. माझ्यासारखीला त्यात काही कळण्यासारखं नव्हतं, दुकानांच्या पाट्या तेवढ्या बदलताना दिसायच्या. पण नव्या कागदांतला एक कागद मुलींच्या शाळेत गेला, आणि त्यामुळे मास्तरीणबाई आमच्या दारात आल्या.

बाई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. वय तिशीच्या पुढे. यजमान वारले होते. घरात त्या आणि त्यांचे सासरे, दोघंच. सासऱ्यांच्या कमरेखालच्या अंगावरून वारा गेलेला, ते पुढच्या खोलीत खाटेवर पडून असायचे. बाईंनी आत्याबाईंना विचारलं, माझी पाठ सरळ करून द्याल का. आत्याबाई म्हणाल्या, "मी बाळंतिणीचं करते. तुम्ही काय बाळंत झाल्या का बाई?" मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिला न्या. हिला तोंड नाही, पण हात आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तेलाची वाटी घेऊन गेले. बाई मधल्या खोलीत चटईवर पालथ्या पडल्या आणि पडल्यापडल्या त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं म्हणून त्यांनाही ते सोपं गेलं असावं. बोलत होत्या अगदी हळू, कारण भिंतीपलीकडे सासरे.

झालं असं होतं. नव्या कागदाप्रमाणे मुलींनाही रोज ड्रिल करायची होती आणि ती वर्गाच्या बाईंनीच पुढे उभं राहून घ्यायची होती. बाईंनी घेतली. मग तपासणीचे साहेब आले. त्यांनी मुलींची रांग बघितली, बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई जी, आपकी तो पूरी लाइन झुकी हुई है." खरंच होतं ते. बाईंची मान पुढे आलेली, खांदे गोल, पाठीला पोक. मुली पुढे बघून शिकतात. बाई जशा उभ्या, तशा अठ्ठावीस मुली उभ्या. हात वर करताना सगळ्यांच्या माना खाली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं की होळीनंतर पुन्हा येईन. तोवर रांग सरळ झाली तर ठीक, नाही तर ड्रिल येणारी बाई इथे पाठवावी लागेल आणि तुम्हाला तिच्या जागी जावं लागेल. ती जागा सातपुड्याच्या आतल्या एका खेड्यात होती, दिवसाला एक मोटार जायची.

"मी जाईन गं कुठेही," बाई म्हणाल्या. "यांना कुठे ठेवू?"

सासऱ्यांना खाटेवरून मोटारीत घालून नेणं शक्यच नव्हतं. नणंद होती, पण तिच्या घरच्यांनी आधीच नाही म्हणून कळवलं होतं. आणि हे सासऱ्यांना सांगायचं नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं, इतका मानी माणूस. मला बाईंनी शपथ घातली. तशी गरज नव्हती, मी कुणाशी बोलणार होते?

मी आत्याबाईंनी शिकवल्याप्रमाणे तेल लावायला लागले. ती पाठ म्हणजे वाळलेलं चामडं होतं. मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये, बोट आत जात नव्हतं. पंधरा दिवसांत ती मऊ आली. माझ्या हाताला ते स्पष्ट कळत होतं. बाईंना झोप लागायला लागली, डोकं दुखायचं थांबलं. पण सकाळी दहा वाजता त्या शाळेला निघाल्या की मी आमच्या ओट्यावरून बघायची. तीच मान, तोच पोक. संध्याकाळी मी सरळ केलेली पाठ सकाळी दहाला वाकडी.

मी आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तेल कमी पडतंय, महिनाभर घे. शेजारच्या बायका म्हणाल्या, मुलींच्या वह्या तपासून तपासून मास्तरणी वाकतातच. बाई स्वतः म्हणाल्या होत्या की लग्नात मी सरळ होते, हे नोकरी लागल्यापासून झालं, सहा वर्षं झाली. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढचे दीड महिने वाचले असते.

मग एक दिवस पिठाच्या चक्कीचा पट्टा तुटला. सासऱ्यांना संध्याकाळी ज्वारीची भाकरी लागायची, म्हणून बाईंनी कोपऱ्यातलं जातं ओढलं आणि मला म्हणाल्या, थोडी बस, एवढं दळून होऊ दे. माझ्याकडे वेळ नव्हता. घरी मला चूल पेटवायची होती. मी त्यांच्या मागे बसले आणि दळता दळताच पाठीवर हात ठेवले.

हाताखाली जे लागलं ते मला पालथ्या पाठीत कधी लागलं नव्हतं. जात्याचा खुंटा पुढे जाई तेव्हा उजव्या खांद्याचं पातं घसरून पुढे जाई आणि परत येई. डावं पातं जागचं हलत नव्हतं. कुणी खिळा मारल्यासारखं. त्याचं काम मान करत होती, प्रत्येक फेऱ्याला आधी मान पुढे जायची. झोपलेल्या बाईची दोन्ही पाती सारखीच दिसतात. मी डाव्या पात्याच्या आतल्या काठावर अंगठा रोवला.

बाई थांबल्या. मी म्हणाले, "थांबू नका. फिरवत राहा."

मी आयुष्यात कुणाला दिलेला हा पहिला हुकूम असेल. त्या फिरवत राहिल्या. जातं फिरतंय, पीठ पडतंय, आणि प्रत्येक फेऱ्याला मी अंगठा थोडा थोडा सरकवतेय. वीसेक फेऱ्यांनंतर डावं पातं हललं. बाईंनी मागे वळून विचारलं, "काय केलंस गं?" मी सांगितलं, मी धरलं फक्त, हलवलं तुम्ही.

दुसऱ्या दिवसापासून चटई गुंडाळली. आम्ही मागच्या अंगणात जायला लागलो. अंगण म्हणजे मोरीपासून बकरीच्या खुंट्यापर्यंत चौदा पावलं. बाईंना ड्रिलचे आकडे पाठ होते. एक म्हटलं की हात पुढे, दो म्हटलं की वर, तीनला बाजूला, चारला खाली. त्या म्हणायच्या आणि करायच्या, मी मागे उभी. हात वर जाताना पातं खाली उतरायला हवं, हे मला माझ्याच अंगावर करून बघून कळलं होतं. घरी भांडी फळीवर ठेवताना मी दहादा हात वर-खाली करून बघत असे. बाईंचं पातं वर अडकायचं तिथे मी तळहाताने खाली धरायची आणि त्या हात वर न्यायच्या. मग चालणं. माझा एक तळवा दोन पात्यांच्या मध्ये, दुसऱ्या हाताची दोन बोटं कवटीच्या खाली, मानेच्या खळग्यात. मी ढकलत नसे. मान पुढे निघाली की बोटं सुटायची, आणि बोटं सुटल्याचं बाईंना कळलं की त्या आपणच मान मागे आणून बोटांना टेकायच्या. आधी अंगठ्याने मोकळं करायचं, लगेच त्याच जागेचं काम करायला लावायचं. असं केलं की मोकळी झालेली जागा संध्याकाळपासून सकाळपर्यंत मोकळीच राहायची. नुसत्या तेलाने कधी राहिली नव्हती.

आत्याबाई एकदा बघायला आल्या. बघत राहिल्या, बोलल्या नाहीत, म्हणजे पुढे बोलणार हे मला कळलं. बाहेर पडताना म्हणाल्या, "हे तेल लावणं आहे का बंदर नाचवणं वं पोरी? अंग हललं का तेल मुरतं?" त्यावर बाईंनीच उत्तर दिलं की मुरायचं ते मुरलंय, आता नाचायचंच राहिलंय. आत्याबाईंना राग आला. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी पाण्याची कळशी फळीवरून उतरवताना त्यांचा खांदा धरला, आणि त्यांनी माझ्याकडे पाठ करून नुसतं एवढंच म्हटलं, बघ जरा. मी बघितलं. त्यांना मेल्यागत पडू दिलं नाही, हात वर करायला लावला.

होळीला बारा-पंधरा दिवस राहिले. अंगणात बाई सरळ चालत होत्या. माझ्या बोटांना टेकून नव्हे, बोटं काढली तरी. पण शाळेत रांग वाकलेलीच होती. बाई म्हणाल्या, "मुली अजून तशाच उभ्या राहतात, म्हणजे मी तशीच उभी राहते. मला माझी पाठ दिसत नाही. तू येऊन बघ."

शाळेत जायच्या विचाराने मला दोन घास कमी गेले. तरी गेले. ड्रिलच्या वेळेला मागच्या भिंतीशी पाण्याच्या रांजणाजवळ उभी राहिले, तिथून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. बाई पुढे मुलींकडे तोंड करून उभ्या होत्या, म्हणून मला त्यांची पाठ दिसावी यासाठी त्या अर्ध्या वळल्या. एक म्हणाल्या, हात पुढे आले, ठीक होतं. दो म्हणाल्या, हात वर गेले आणि मान खाली गेली. खालून कुणी दोरी ओढावी तशी गेली.

मी अठ्ठावीस मुलींच्या मधून चालत पुढे गेले. कशी गेले ते मला आठवत नाही. बाईंच्या मागे उभी राहून पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पुन्हा हात वर. हाताखाली पाठ मऊ होती. दोन्ही पाती हलत होती. पाठीत अडकलेलं काहीच नव्हतं. अडकत होतं ते पाठीच्या वरून. पदर. डोक्यावरून घेतलेला पदर पाठीवरून खाली येऊन कमरेला घट्ट खोचलेला, आणि हात वर गेले की तो खाटेच्या नवारीसारखा ताणून उभा राहत होता. मी त्याच्याखाली बोट घालून पाहिलं, बोट जाईना. मान सरळ केली असती तर पदर डोक्यावरून सुटला असता, म्हणून मान खाली जात होती. अंगणात आम्ही दोघीच असायचो. तिथे बाई डोकं उघडं ठेवून पदर कमरेभोवती गुंडाळायच्या, म्हणून तिथे सरळ.

तेव्हा मला नोकरी लागल्यापासूनची गोष्ट आठवली. नोकरी लागेपर्यंत बाई आमच्यासारखं लुगडंच नेसत होत्या, नऊवारी. शाळेत जायला लागल्यावर पाचवारी पातळ घेतलं, कारण मास्तरणी पातळ नेसतात. बाई माझ्यापेक्षा टीचभर उंच. त्यांच्या उंचीला पाच वार कापड अपुरं. निऱ्या झाल्या, पाय झाकले, मग डोक्यापर्यंत पदर चार बोटं कमी पडायचा. ती चार बोटं त्यांनी मान खाली घालून भरून काढली होती, सहा वर्षं. आणि दोन महिने मी पोक पाठीत शोधत होते.

मुलींसमोर हे कसं बोलणार? मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "बाई, पातळ आखूड आहे."

त्यांना वाटलं घोटे दिसतायत. त्यांनी दोन्ही हातांनी पातळ पटकन खाली ओढलं. पदर अजूनच ताणला, मान अजूनच खाली गेली, आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या मुलींनी बाईंचं बघून आपापले परकर खाली ओढले.

शाळा सुटल्यावर घरी मी नीट सांगितलं. मग आम्ही एकेक करून पाहिलं. खोचलेला पदर मोकळा सोडला तर हात वर जाताच तो उडून समोर यायचा. केसांत काटे लावून धरला तर केस ओढले जायचे. निऱ्या कमी केल्या तर पदराला कापड मिळालं, पण ड्रिलमध्ये पाऊल पुढे पडेना. डोकं उघडं ठेवायचं बाईंनी स्वतःच मोडून काढलं. शाळेत पुरुष यायचे, आणि आमच्या गावात तेव्हा सासर असलेल्या बाईचा पदर डोक्यावरून उतरत नसे. मीही उतरवला नसता. म्हणून मी म्हणाले, लुगडं नेसा. कापड भरपूर असतं, कासोटा मारला की पाय मोकळे, आणि पाठीवर पदर ढिला ठेवता येतो.

बाई चिडल्या. लुगडं नेसून शाळेत गेले तर मोठ्या बाई काय म्हणतील, मुली काय म्हणतील. इतक्या वर्षांनी पुन्हा मागे जायचं का. "तुला काय होतंय सांगायला," त्या म्हणाल्या. "तू नेसतेस लुगडं."

मी वाटी उचलली आणि घरी आले. मला लागलं ते. मी त्यांच्या दारात चौथी शिकलेली तेलवाली होते, आणि लुगडं हे माझ्यासारखीचं, असंच त्यांच्या मनात होतं. दोन संध्याकाळी मी गेले नाही. आत्याबाईंनी विचारलं तर त्यांना बाईंची बकरी व्यायली असं काहीतरी सांगितलं. पण मी जे सांगितलं ते बरोबर होतं, याबद्दल मला एक क्षणही शंका आली नाही. हाताला लागलेलं चुकत नाही. त्यांनी नाही ऐकलं असतं तर बदली झाली असती, आणि तरीही मीच बरोबर असते.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, बाई आमच्या दारात आल्या. हातात बाजारातून आणलेलं साधं सुती लुगडं, बारीक काठाचं. आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "नेसव मला. सहा वर्षांत विसरले." माफी वगैरे काही मागितली नाही. मलाही ती कुठे ठेवावी कळलं नसतं.

मी नेसवलं. कासोटा आवळून मारला. पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचताना पाठीवर वीतभर झोळ ठेवला, बाहेरून दिसणार नाही असा. मग आमच्याच मधल्या खोलीत त्यांना म्हणाले, दो करा. हात वर गेले. मान जागेवर राहिली. पदर जागेवर राहिला. त्यांनी पुन्हा केलं. मग पाऊल टाकून केलं. आत्याबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आता बाई माणसासारख्या दिसतात."

सोमवारी शाळेत मोठ्या बाईंनी विचारलंच, आज काय केळीच्या बागेत निघालात का. बाई म्हणाल्या, नाही, ड्रिलला. मुली पहिल्या दिवशी तोंडाला हात लावून हसल्या. मी आता रोज ड्रिलच्या तासाला जात होते. वाकून उभं राहायची ज्यांना पक्की सवय झाली होती अशा सात मुली होत्या. त्यांच्या मागे जाऊन मी पात्यांच्या मध्ये तळवा टेकवायची आणि त्यांना आकडे म्हणत हात वर न्यायला लावायची. मागून जाण्यामुळे मला तोंडं बघावी लागत नसत आणि त्यांनाही माझी भीती वाटत नसे. बाकीच्या एकवीस मुलींना हातही लावावा लागला नाही. पुढे उभी असलेली बाई सरळ झाली तशा त्याही आठ दिवसांत सरळ झाल्या.

हेही खरं लिहायला हवं की नुसतं लुगडं नेसून काही झालं नसतं. सहा वर्षं एका जागी वाकलेली पाठ कापड बदललं म्हणून उठत नाही. ती आधी हाताने सोडवली, मग तिला चालायला, हात उचलायला नव्याने शिकवलं, म्हणून पदर ढिला झाल्याबरोबर ती वर आली. लुगडं पहिल्या दिवशी आणलं असतं तर बाई लुगड्यात वाकून उभ्या राहिल्या असत्या.

होळी झाली आणि चौथ्या दिवशी साहेब आले. बाईंनी मला शेवटच्या रांगेच्या मागे उभं राहायला सांगितलं होतं. मी रांजणामागे उभी राहिले. साहेबांनी खुर्ची घेतली नाही. रांगेच्या कडेने चालत गेले, मागे आले, माझ्यापासून दोन हातांवर थांबले आणि मुलींच्या पाठी बघू लागले. हाच माणूस मला त्यातल्या त्यात कळला, कारण तो पाठी बघत होता. बाईंनी आकडे सुरू केले. दो ला छप्पन्न हात वर गेले. एका मुलीची मान खाली गेली, त्या सातांतलीच ती, आणि लगेच तिने आपणच वर आणली.

साहेबांनी मोठ्या बाईंना विचारलं, "ये वही बाई हैं?" मोठ्या बाई हो म्हणाल्या. त्यांनी आणखी एकदा सगळं करून घेतलं. मग ऑफिसात गेले आणि शेऱ्याच्या वहीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर मोठ्या बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की बाई इथेच राहतील. बाईंनी मान हलवली आणि पुढचा गणिताचा तास घ्यायला वर्गात गेल्या. मला वाटलं होतं रडतील.

संध्याकाळी मी नेहमीसारखी वाटी घेऊन गेले. बाई सासऱ्यांच्या खाटेशी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी थांबायची खूण केली आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, माझी बदली व्हायची होती. आज टळली."

त्यांनी विचारलं, कुठे. बाईंनी खेड्याचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाला, "आणि मला कुठे ठेवणार होतीस?"

"दोन महिने तेच शोधत होते," बाई म्हणाल्या. "सापडलं नाही."

त्यांनी बाईंच्या हातावर दोनदा थोपटलं. मग त्यांची नजर माझ्याकडे आली. त्यांनी आजवर मला कधी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "म्हणजे ते मागच्या दारचं एक दो तीन चार त्याच्यासाठी होतं का? मला वाटायचं, तुम्ही दोघी फुगड्या घालता." मग म्हणाले, "आता बंद का ते? मी त्याच्यावर चहाची वेळ धरायचो."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. ते बंद करायचं की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "बंद नाही बाबा. सहा वर्षांचं आहे. अजून सहा महिने तरी लागतील."

"मग आज आधी चहा," ते म्हणाले.

बाई चहा ठेवायला उठल्या. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला नाही, ते मी बघितलं.